धंद्याची किंमत ठरविणारे उमेदवार

पदवी-परीक्षेचा निकाल लागला, पेढे वांटून झाले, देवापुढें नारळ फुटला, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत एकच प्रश्न घोळूं लागतो: आतां पुढें काय? पूर्वीं ह्या प्रश्नाचीं उत्तरें ठरलेलीं असत. शाळेंत शिक्षक व्हावें, सनद घेऊन वकिली करावी, सरकारी कचेरींत चिकटावें, आणि बँकेंत खुर्ची मिळाली तर देव पावला असें समजावें. आतां त्या यादींत अशीं कांहीं कामें आलीं आहेत कीं, त्यांचें नांव ऐकून आजोबा चष्मा पुसूं लागतात आणि आजी विचारते, "म्हणजे नक्की करायचें काय रे?"

असेंच एक काम म्हणजे धंद्यांची किंमत ठरविणाऱ्या संस्थेंतील ॲनालिस्टचें. सोलापूरच्या महाविद्यालयांतून वाणिज्य किंवा वित्त विषय घेऊन बाहेर पडलेले तरुण-तरुणी ह्या कामाच्या मुलाखतीकरितां हुतात्मा एक्सप्रेसनें पुण्यास जातात, सिद्धेश्वर एक्सप्रेसनें रात्रभर प्रवास करून मुंबईस जातात. परत आलेला उमेदवार हिरमुसला असला, म्हणजे घरांत दोन निदानें तयार असतात. एक, "वशिला नव्हता"; दुसरें, "इंग्रजी कमी पडलें." हीं कारणें कधींच खरीं नसतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ह्या धंद्याच्या मुलाखतींत अपयशाचें मूळ बहुधा तिसऱ्याच ठिकाणीं असतें. उमेदवारास उत्तर येत असतें. उत्तराचें कारण येत नसतें. आणि ज्या धंद्यांत सारा व्यवहार कारणांचाच आहे, तेथें हें न्यून झांकतां येत नाहीं. तें भरून काढण्याची तयारी शिकवणीच्या वर्गापेक्षां भरल्या घरांत अधिक चांगली होते, असें आमचें मत आहे. तें कसें, हें सांगण्याकरितां हा लेख.

काम काय असतें?

एखाद्या घराची किंमत विचारली, तर शेजारचें घर केवढ्याला गेलें हें पाहून अंदाज बांधतां येतो. चालत्या धंद्याचें तसें नसतें. यंत्रें, इमारत आणि माल ह्यांखेरीज त्याची पत, बांधलेलीं गिऱ्हाइकें, कारागिरांचें कसब, मालकाचा शब्द, हें सारें त्यांत गुंतलेलें असतें. तरीही ती किंमत सांगण्याची वेळ वारंवार येते. दोन कंपन्या एक होतात, तेव्हां कोणाच्या भागधारकांस किती भाग द्यावयाचे? नवा भांडवलदार पैसे घालतो, तेव्हां त्यास किती हिस्सा द्यावयाचा? भागीदार वेगळे होतात, तेव्हां निघून जाणाऱ्यास काय द्यावयाचें? कर्जांत बुडालेली कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें जाते, तेव्हां सावकारांच्या पदरांत काय पडेल? अशा प्रत्येक वेळीं तिऱ्हाईत आणि जाणत्या माणसाचा अहवाल लागतो.

अमेरिकेंत ह्या शास्त्रास चालना मिळाली ती मोठ्या गमतीच्या कारणानें. तेथें १९२० सालीं दारूबंदी आली आणि बिअर व दारू गाळणाऱ्या कारखान्यांचा धंदा बसला. इमारत आणि पिंपें शिल्लक राहिलीं, परंतु वर्षानुवर्षें मिळविलेला नांवलौकिक एका रात्रींत मातीमोल झाला. त्या लौकिकाची किंमत किती धरावयाची, हें ठरविण्याकरितां तेथील करखात्यानें त्याच सालीं एक रीत घालून दिली. पुढें १९५९ मध्यें त्याच खात्यानें खासगी कंपन्यांच्या भागांची किंमत करण्याविषयीं जें सूत्र मांडलें, तें आजही मुलाखतींत विचारलें जातें: विकणारा राजी, घेणारा राजी, दोघांवरही जबरदस्ती नाहीं, दोघांसही व्यवहाराची पुरती माहिती आहे, अशा स्थितींत जी किंमत ठरेल ती रास्त किंमत.

आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ मधील कलम २४७ आणि त्याखालचे २०१७ चे नियम ह्यांनीं ह्या धंद्यास चौकट दिली. नोंदणीचें काम इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्डाकडे सोपविलें गेलें, आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून कंपनी कायद्याखालील मूल्यनिर्धारण नोंदणीकृत व्यक्तीनें किंवा संस्थेनेंच करावें असें ठरलें. नोंदणीचे वर्ग तीन: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मत्ता. तिसऱ्या वर्गांत नांव नोंदवावयाचें तर चार्टर्ड अकाउंटंट, कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरी असावें लागतें, अथवा वित्त विषयांतील पदव्युत्तर शिक्षण लागतें. त्यावर तीन वर्षांचा अनुभव, ठराविक प्रशिक्षण आणि परीक्षा. ह्याचा अर्थ असा कीं, नवा ॲनालिस्ट अहवालावर सही करीत नाहीं. तो ताळेबंद वाचतो, सारख्या धंद्यांच्या कंपन्या शोधून त्यांचे भाव व नफा मांडतो, एक्सेलमध्यें पुढील वर्षांचा हिशेब बांधतो आणि अहवालाचा पहिला खर्डा लिहितो. सही वरिष्ठाची असते. परंतु सहीखालचा प्रत्येक आंकडा ह्या पोराच्या किंवा पोरीच्या हातून गेलेला असतो. मुलाखत घेणाऱ्यास म्हणूनच एक गोष्ट जाणून घ्यावयाची असते: ह्या हातावर भरंवसा ठेवावा कीं नाहीं?

वाड्याचा चौथा हिस्सा

ह्या विषयाचें मर्म आपल्या एकत्र कुटुंबांतील माणसांस मुळींच परकें नाहीं. समजा, चौघां भावांचा एक वाडा आहे आणि तो सबंध विकला तर दोन कोटी रुपये येतील. तर एका भावाच्या हिश्शाची किंमत किती? शाळेंतला मुलगा ताबडतोब सांगेल, पन्नास लाख. माजघरांत बसलेल्या आजी मात्र हंसून म्हणतील, "अरे, पण तो एकटा हिस्सा घेणार कोण?"

आजींचें म्हणणें कायद्यासही मान्य आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यांतील कलम ४४ प्रमाणें, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा बाहेरच्या माणसानें विकत घेतला, तरी त्या कलमानें त्यास घरांत इतरांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाहीं. आणि त्यानें वाटणीचा दावा लावला, तर वाटणीच्या १८९३ च्या कायद्यानुसार घरांतील मंडळी त्याचा हिस्सा कोर्टानें ठरविलेल्या किंमतीस घेऊं शकतात. म्हणजे पैसे देऊन हातीं काय आलें? दाव्याचे कागद. असा हिस्सा पन्नास लाखांस कोणीही घेणार नाहीं. उलट, ज्या भावाकडे आधींच दोन हिस्से आहेत, त्यास तिसरा हिस्सा मिळाला तर वाड्याचा कारभार त्याच्या हातीं येतो. तो कदाचित् पन्नासाहूनही अधिक देईल.

मुंबईच्या कचेरींत हाच प्रश्न इंग्रजी पोषाख करून येतो. "कंपनीची किंमत शंभर कोटी आहे, तर पंचवीस टक्के भागांची किंमत पंचवीस कोटीच कां नसावी?" पाठांतर केलेला उमेदवार दोन पारिभाषिक नांवें सांगतो: अल्पमताची सूट आणि सहज विकतां न येण्याची सूट. "ही सूट कां द्यावयाची?" असें पुढें विचारतांच तो गप्प होतो. जिला वाड्याची गोष्ट समजली आहे, ती मुलगी सांगते कीं, ज्याला कारभारांत हुकूम चालवितां येत नाहीं आणि बाहेरही सहज पडतां येत नाहीं, त्याचा हिस्सा कागदावरील भागाकाराइतका मोलाचा नसतो. पारिभाषिक नांव तिनें मागाहून सांगितलें तरी बिघडत नाहीं.

सोलापूरच्या गिरणीचा धडा

ह्या हुकमतीच्या प्रश्नाचें भारतांतील एक गाजलेलें उदाहरण खुद्द सोलापूरचें आहे, ही गोष्ट येथील तरुणांस ठाऊक असावी. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली 'जुनी गिरण', एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत उभी राहिली आणि गांवाचें रूप तिनें बदलून टाकलें. २७ ऑगस्ट १९४९ रोजीं व्यवस्थापकांनीं ती बंद केली. हजारों घरांच्या चुली तिच्यावर चालत. ९ जानेवारी १९५० रोजीं मध्यवर्ती सरकारनें खास वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हातीं घेतला. त्याच वर्षीं वटहुकमाच्या जागीं कायदा आला.

आतां तिच्या भागांकडे पाहूं. एक हजार रुपयांचे १,५९० सामान्य भाग, पांचशे रुपयांचे वीस सामान्य भाग, आणि शंभर रुपयांचे बत्तीस हजार अग्रहक्काचे भाग. ह्या शेवटच्यांवर पन्नास रुपयेच भरलेले होते. म्हणजे सामान्य भागांचे सोळा लाख आणि अग्रहक्काच्या भागांचे सोळा लाख, असें बत्तीस लाखांचें वसूल भांडवल. नव्या कायद्यानें हे भाग कोणाकडूनही काढून घेतले नाहींत. भागधारकाचें नांव वहींत तसेंच राहिलें. परंतु संचालक निवडण्याचा त्याचा अधिकार गेला. सभेनें केलेला ठराव सरकारी मान्यतेवांचून अंमलांत येईना. कंपनी गुंडाळण्याचा अर्जही सरकारच्या संमतीशिवाय करतां येईना. एवढ्यावर न थांबतां, नव्या संचालकांनीं अग्रहक्काच्या प्रत्येक भागावर उरलेले पन्नास रुपये भरा, अशी मागणी केली.

ह्यावर भागधारक सर्वोच्च न्यायालयांत गेले. चरणजितलाल चौधरी ह्यांच्या प्रकरणांत ४ डिसेंबर १९५० रोजीं न्यायालयानें बहुमतानें कायद्याच्या बाजूनें कौल दिला. परंतु द्वारकादास श्रीनिवास ह्यांच्या प्रकरणांत १८ डिसेंबर १९५३ रोजीं न्यायालयानें असें ठरविलें कीं, मोबदला न देतां कंपनीची मालमत्ता वस्तुतः हिरावून घेतली गेली आहे आणि म्हणून तो वटहुकूम घटनाविरुद्ध आहे. घटना-कायद्याचे विद्यार्थी हे दोन निकाल आजही अभ्यासतात. किंमत ठरविणाऱ्यानें त्यांतून निराळा धडा घ्यावयाचा. कागद हातांत असणें आणि अधिकार हातांत असणें, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि भागाची किंमत करतांना तो भाग आपल्याला काय करूं देतो, हें आधीं पाहिलें पाहिजे. ज्या उमेदवारास मुलाखतींत "तुमच्या गांवाविषयीं कांहीं सांगा" असें विचारलें जातें आणि जो चादर व शेंगाचटणी ह्यांच्यापुढें जात नाहीं, त्यानें हातचें सोनें टाकून दिलें असें आम्ही समजतों.

मुलाखतींत काय विचारतात?

बहुतेक संस्थांत तीन-चार पायऱ्या असतात. आधीं अर्जाची छाननी, मग दूरध्वनीवर किंवा पडद्यावर बोलणें, मग एक्सेलमधील लहानशी परीक्षा, आणि शेवटीं वरिष्ठांशीं समोरासमोर भेट. प्रश्नांचा रोंख समजावा म्हणून तीन नमुने देतों.

पहिला प्रश्न नेहमींचा आहे: "घसारा दहा रुपयांनीं वाढला, तर तिन्ही पत्रकांवर काय परिणाम होईल?" कराचा दर पंचवीस टक्के आणि करखात्यासही तेवढाच घसारा मान्य, असें धरूं. करापूर्वींचा नफा दहा रुपयांनीं घटला. कर अडीच रुपयांनीं घटला. निव्वळ नफा साडेसात रुपयांनीं कमी झाला. परंतु घसाऱ्याकरितां रोख पैसा कोणास दिलेला नाहीं. म्हणून रोकड उलट अडीच रुपयांनीं वाढली. ताळेबंदांत यंत्रें दहानें कमी, रोकड अडीचनें अधिक, म्हणजे एक बाजू साडेसातनें घटली. दुसऱ्या बाजूस शिल्लक नफाही साडेसातनेंच घटला. दोन्ही बाजू जुळल्या. येथें गणित चवथीचें आहे. परीक्षा आहे ती नफा आणि रोकड ह्यांतील भेद कळला आहे कीं नाहीं, ह्याची.

दुसरा प्रश्न भावी उत्पन्नाचा. जॉन बर विल्यम्स ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९३८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, भागाची किंमत म्हणजे त्यापासून पुढें मिळणाऱ्या लाभांशांचें आजचें मोल. हाच विचार धंद्यास लावूं. एक धंदा पुढील वर्षीं बारा लाख रुपये रोख देईल आणि पुढें कायम तेवढेच देत राहील. घेणाऱ्यास ह्या जोखमीवर वर्षाला पंधरा टक्के हवेत. तर किंमत ऐंशी लाख. आतां तेंच उत्पन्न दरवर्षीं पांच टक्क्यांनीं वाढेल असें धरा; किंमत एक कोटी वीस लाख होते. वाढ सहा टक्के धरली, तर एक कोटी तेहतीस लाखांच्या वर जाते. एका टक्क्यानें तेरा लाखांचा फरक! पाठ केलेलें सूत्र एवढेंच सांगतें. मुलाखत घेणारा मात्र विचारतो, "तुम्हीं सहा टक्के कां धरले? पांच कां नव्हे?" ह्या एका प्रश्नावर पुष्कळांची गाडी अडते.

तिसरा नमुना आम्ही मुद्दाम सोलापुरांतला घेतों. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत एका कुटुंबाचा टॉवेलचा कारखाना आहे असें समजा. वर्षाचा नफा तीस लाख दिसतो. मग तीस लाखांवर किंमत करावी काय? जाणता माणूस आधीं चौकशी करील. थोरले काका सकाळीं सातपासून कारखान्यांत उभे असतात, पण पगार घेत नाहींत. उद्यां बाहेरचा व्यवस्थापक ठेवावा लागला तर त्यास वर्षाला बारा लाख द्यावे लागतील. गोदाम धाकट्या भावाच्या नांवें आहे आणि त्याचें भाडें बाजारभावाहून तीन लाखांनीं कमी दिलें जातें. हीं दोन वजाबाक्या केल्यावर खरा नफा पंधरा लाख उरतो, निम्माच! उलट, घरची मोटार आणि तिचें इंधन कारखान्याच्या खर्चांत घातलें असेल, तर तेवढी रक्कम परत मिळवावी लागेल. शिवाय, निम्मा माल एकाच परदेशी गिऱ्हाइकास जातो काय? उधारी किती महिन्यांची आहे? माग केव्हांचे आहेत? हे प्रश्न ज्याला आपण होऊन सुचतात, त्यास संस्था निवडते. आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास ते सुचावयास हवेत. कारण घरचा खर्च कोणता आणि दुकानाचा कोणता, हा वाद त्यानें लहानपणापासून ऐकलेला असतो.

घरांतली तालीम

आतां वडीलधाऱ्यांनीं काय करावें, तें सांगतों. शेजारच्या हिराचंद नेमचंद किंवा वेलणकर महाविद्यालयांत शिकलेल्या मुलास ताळेबंद वाचावयास शिकविण्याची गरज नाहीं. गरज आहे ती प्रश्नांची संवय लावण्याची. आठवड्यांतून दोन दिवस, रात्रींचीं जेवणें आटोपल्यावर, अर्धा तास पुरे. उमेदवारानें एखाद्या नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून यावा. हे अहवाल कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. त्यानें किंवा तिनें त्या कंपनीची आपण केलेली किंमत सांगावी. मग घरांतल्यांनीं प्रत्येक आंकड्यावर तीनच प्रश्न विचारावे: कोठून आणलास? हाच कां घेतलास? तो चुकीचा असला तर किंमत किती हालेल?

प्रश्न विचारणाऱ्यास वित्तशास्त्र येण्याची जरुरी नाहीं. बँकेंतून निवृत्त झालेले आजोबा उधारीवर बोट ठेवतील, आयुष्यभर घर चालविलेल्या काकू खर्चांतील फुगवटा ओळखतील, शाळेंतला धाकटा भाऊ "हा शब्द म्हणजे काय?" असें विचारून खरी अडचण उभी करील. पहिलें बोलणें मराठींत होऊं द्यावें. जें आजीला मराठींत समजावून सांगतां येत नाहीं, तें परक्या माणसाला इंग्रजींत सांगतां येणें दुरापास्त आहे. विचार मराठींत स्वच्छ झाला, म्हणजे तोच दुसऱ्या दिवशीं इंग्रजींत मांडावा. पुष्कळांचें इंग्रजी अडतें तें शब्दांवांचून नव्हे, तर विचार अर्धवट असल्यामुळें.

आणखी एक शिकवण घरींच द्यावी: "मला माहीत नाहीं" असें न लाजतां म्हणावयाची. मात्र तेवढ्यावर थांबूं नये. "माहीत नाहीं, पण शोधावयाचें झालें तर अमुक ठिकाणीं पाहीन," असें पुढें जोडावें. ज्याला अज्ञान कबूल करतां येत नाहीं, तो उद्यां अहवालांत रिकाम्या जागीं मनचा आंकडा भरील, ही भीति वरिष्ठांस असतेच.

शेवटचा प्रश्न

वरिष्ठांच्या भेटींत बहुधा एक प्रश्न असा येतो कीं, त्याचें उत्तर कोणत्याही पुस्तकांत नसतें. "तुमचा हिशेब सात कोटी सांगतो. अशिलाला दहा कोटी हवे आहेत. तुम्ही काय कराल?" कोणी म्हणतो, "साहेब सांगतील तसें करीन." कोणी आवेशानें म्हणतो, "मी राजीनामा देईन." पहिलें उत्तर घातक आणि दुसरें पोरकट. सरळ उत्तर असें: अशिलास दहा कोटी कां वाटतात, तें विचारीन. त्याच्याजवळ आम्हांस न दाखविलेला एखादा करार किंवा नवी मागणी असेल, तर हिशेब पुन्हा तपाशीन. तसें कांहीं नसेल, तर सात कोटी कायम ठेवून हा सारा प्रकार वरिष्ठांच्या कानीं घालीन आणि त्याची नोंद ठेवीन.

हा प्रश्न औपचारिक नव्हे. खोट्या चढ्या किंमतीवर बँक कर्ज देते, तेव्हां तो पैसा तुमच्या-आमच्या ठेवींतला असतो. खोट्या उतरत्या किंमतीस बुडीत कारखाना विकला जातो, तेव्हां सावकारांबरोबर कामगारांचें थकलेलें देणेंही त्यांत बुडतें. ज्या सोलापूरनें एकामागून एक गिरण्या बंद पडलेल्या पाहिल्या, त्यास हें फोडून सांगावयास नको. बावीस वर्षांच्या मुलीनें एक्सेलच्या चौकटींत भरलेला आंकडा असा दूरवर जातो. ह्या प्रश्नाचें उत्तर मुलाखतीच्या आदल्या रात्रीं तयार होत नाहीं; वाटणीच्या वेळीं, भाडेकरूच्या हिशेबांत, मोलकरणीच्या पगारांत घरचीं माणसें कशीं वागलीं, हें पाहत पाहत तें तयार होतें.

उमेदवारानेंही विचारावयाचे दोन-तीन प्रश्न मनाशीं ठरवून जावें. येथें कोणत्या प्रकारचीं कामें अधिक येतात? नवख्यांस कारखाना प्रत्यक्ष पाहावयास नेतात काय? माझ्या कामाची तपासणी कोण करील? पुढें नोंदणीकरितां लागणारा अनुभव ह्या कामांतून मिळेल काय? असें विचारणें उद्धटपणाचें नाहीं. तें आपलें हित समजत असल्याचें लक्षण आहे.

इतकें करूनही नकार येऊं शकतो. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, ही स्थिति कोणाच्या हातची नाहीं. अशा वेळीं घरीं परतलेल्या मुलास किंवा मुलीस "काय झालें?" असें दारांतच विचारूं नये. हातपाय धुऊन, चार घांस पोटांत गेल्यावर "काय काय विचारलें?" असें विचारावें आणि सारे प्रश्न एका वहींत लिहून ठेवावयास सांगावें. कोठें उत्तर आलें, कोठें कारण सुचलें नाहीं, ह्याची खूण करावी. पुढच्या गाडीचें तिकीट काढण्यापूर्वीं ती वही सर्वांनीं मिळून एकदां वाचावी.